पंचगंगेच्या नोंदी आणि खोऱ्याचा नकाशा

जोतिबाच्या डोंगरावर पडलेला पाऊस दोन नद्यांच्या वाट्याला जातो. सह्याद्रीचा जो फाटा पन्हाळ्यावरून पूर्वेकडे येतो, त्याच्या टोकाशी हा डोंगर उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे तीन हजार फूट, पायथ्याच्या सपाटीपासून हजारएक फूट. उत्तर उतारावरचे पाणी कोडोलीच्या बाजूने वारणेला मिळते, दक्षिण उतारावरचे कासारी-पंचगंगेच्या खोऱ्यात उतरते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. म्हणजे डोंगरावरच्या वाडी रत्नागिरी या गावाच्या एकाच शिवारातून निघालेले दोन ओहोळ पुन्हा भेटतात ते थेट नृसिंहवाडीच्या संगमावर, सरळ रेषेत पंचेचाळीसएक किलोमीटर पूर्वेला.

नदीच्या निरीक्षणासाठी नकाशावर पहिली रेघ ओढायची ती या जलविभाजकाची. सरकारी कामकाज गाव, तालुका, महापालिका अशा हद्दींनी चालते. महसुली नकाशावर वाडी रत्नागिरी पन्हाळा तालुक्यातले एक गाव आहे, पण पाण्याचा हिशेब त्या हद्दीत बसत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने सगळ्या महाराष्ट्राचे १,५३१ पाणलोट पाडले ते याच कारणाने. एखाद्या ठिकाणचे पाणी का बिघडले, हे शोधायचे तर त्या ठिकाणी कुठकुठल्या उताराचे, कुठल्या नाल्याचे पाणी येते हे आधी ठरवावे लागते. ते ठरल्याशिवाय घेतलेला नमुना बिनपत्त्याचा राहतो.

पंचगंगेचे खोरे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी चिखलीजवळच्या प्रयाग संगमापाशी एकत्र येते, पाचवी सरस्वती लोकश्रद्धेत गुप्त मानली जाते. तिथून कोल्हापूर शहराला वळसा घालून, रुई-इचलकरंजी-तेरवाड करत नदी सुमारे ऐंशी किलोमीटरांनी कृष्णेला मिळते. एवढ्याशा टापूत पावसाचे मान किती बदलावे? पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पूर्वेला शिरोळ भागात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच. त्यामुळे कोल्हापुरात पुराचे पाणी चढत असताना शहरावर ऊन पडलेले असू शकते. या नदीच्या नोंदी ठेवणाऱ्याला पर्जन्यमापकाचा आकडा आणि नदीपातळीचा आकडा एकमेकांशी जोडताना हे अंतर सतत मनात ठेवावे लागते.

जलविभाजकाची रेघ पूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरून हाताने काढत. कोल्हापूर शहर आणि त्याच्या पूर्वेचा मुलूख ‘४७ एल’ या मालिकेच्या पत्रकांवर येतो, राधानगरी-गगनबावड्याचा डोंगराळ भाग ‘४७ एच’वर. समोच्च रेषा वाचत वाचत माथ्यावरून पेन्सिल फिरवायची, ही त्या काळची रीत. आता उंचीची माहिती संगणकावर तयार मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने रडारच्या साह्याने जगाच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. त्या माहितीत जमीन सुमारे ३० मीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेली आहे आणि प्रत्येक चौकोनाला एक उंची आहे. संगणक एकेक चौकोन घेतो, त्याच्या आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उतार कुणाकडे आहे ते पाहतो आणि पाणी तिकडे ढकलतो. असे लाखो चौकोनांचे झाले की कुठल्या चौकोनातून किती क्षेत्राचे पाणी वाहते ते कळते. जिथे ते पुष्कळ जमते, तिथे ओढा किंवा नदी.

जोतिबा-पन्हाळ्याच्या उभ्या कड्यांवर ही युक्ती चोख चालते. शिरोळच्या सपाटीवर मात्र ती फसते. तिथे शेजारच्या दोन चौकोनांतला उंचीचा फरक मोजमापातल्या चुकीपेक्षाही लहान असतो. शिवाय रडारने टिपलेली उंची नेहमीच जमिनीची नसते. झाडी, घरे आणि पुरुष-दीड पुरुष वाढलेला ऊस हेही त्यात मिसळतात. अशा जागी संगणक नसलेले नाले दाखवतो आणि असलेले गिळतो. मग जुना सर्वेक्षण नकाशा, पाटबंधारे खात्याची मोजणी आणि ज्याच्या बांधावरून पावसाळ्यात पाणी जाते त्या शेतकऱ्याची माहिती, या तिन्हींवरून रेघ दुरुस्त करावी लागते. खोऱ्याच्या नकाशातली खरी मेहनत ही आहे, आणि ती बसल्या जागी होत नाही.

आता मोजायचे काय आणि मोजतो कोण, याकडे वळू. पाण्याची पातळी आणि प्रवाह जलसंपदा विभाग पाहतो. कोल्हापूरकरांना तोंडपाठ असलेली राजाराम बंधाऱ्याची पातळी त्यातलीच. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. केंद्रीय जल आयोगाचे निरीक्षण केंद्र खाली तेरवाडला आहे. पाण्याच्या गुणवत्तेची तपासणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. सांडपाण्याची आकडेवारी कोल्हापूर महापालिकेकडे असते. कसबा बावड्यातले केंद्र दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर आणि दुधाळीचे १ कोटी ७० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे आहे. मासे, शिंपले, शेवाळ यांचा अभ्यास शिवाजी विद्यापीठ आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र विभागांत होतो आणि त्याच्या नोंदी बहुतेक प्रबंधांत राहतात. नदी एकच, तिच्या वह्या पाच-सहा, आणि प्रत्येक वहीची मांडणी निराळी.

एका नमुन्यामागे काय काय असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी ३०० मिलिलिटरची, घट्ट बुचाची काचेची बाटली पाण्याखाली धरून भरतात. आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण टाकतात. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर तपकिरी साका खाली बसतो, प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. लुडविग विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. प्राणवायू अशा तऱ्हेने जागीच बांधून ठेवला नाही, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतले जीव तो वापरून टाकतात आणि मोजला जातो तो बाटलीतला प्राणवायू. जिवाणूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पेटीतून न्यावा लागतो. तेव्हा ‘प्राणवायू ४.२ मिलिग्रॅम’ एवढ्या एका आकड्यासोबत तो कुणी, कसा आणि किती वेळात तपासला हेही नोंदवले पाहिजे.

वेळेचा मुद्दा तर त्याहून नाजूक आहे. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात नदीची धारणशक्तीच उतरलेली असते. त्यात सांडपाण्यावर वाढलेले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच वापरते. दुपारी तीनला घेतलेला नमुना नदी ठणठणीत असल्याचे सांगतो, आणि त्याच ठिकाणी पहाटे पाचला मासे वर येऊन तोंडे उघडत असतात. मासे जगायचे तर लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय मंडळाचा निकष आहे. महिन्यातून एकदा, कार्यालयीन वेळेत घेतलेल्या नमुन्यात पहाटेची ही घसरण सापडणे अवघड. म्हणून नोंदीत तारखेबरोबर घड्याळातली वेळ असलीच पाहिजे, आणि निदान उन्हाळ्यात काही ठिकाणी दिवसरात्र मोजणारे स्वयंचलित यंत्र बसवले पाहिजे.

पंचगंगेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते, जी परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही: बंधाऱ्याचे बरगे घातलेले होते की काढलेले. दगडी खांब, त्यांना खाचा आणि खाचांत एकावर एक बसवलेल्या फळ्या म्हणजे बरगे, ही ‘कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्या’ची रचना साऱ्या महाराष्ट्राने या जिल्ह्यापासून उचलली. पावसाळा ओसरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचे. पाऊस तोंडावर आला की काढायचे. बरगे घातले की वाहती नदी एकामागोमाग एक लांबट तळ्यांची माळ होते. प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, पाणी तापते, केंदाळ म्हणजे जलपर्णी पसरते आणि वरून आलेले सांडपाणी बंधाऱ्यामागे साचून राहते. नंतर बरगे काढले की तेच साचलेले पाणी एकदम खाली सरकते. उन्हाळ्यात शिरोळ-तेरवाड भागात मासे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात, त्या वाचताना गेल्या चार दिवसांत वरच्या कुठल्या बंधाऱ्याचे किती बरगे निघाले, हा पहिला प्रश्न असायला हवा. बरगे काढल्या-घातल्याची तारीख पाटबंधारे कर्मचाऱ्याला ठाऊक असते. ती पाण्याच्या गुणवत्तेच्या तक्त्यात, त्या-त्या नमुन्याशेजारी आली, तर कोडी वाटणारे अनेक आकडे सरळ वाचता येतील.

हे सगळे साठवायचे कसे? एका मोठ्या तक्त्यात सगळे कोंबण्याचा मोह सर्वांनाच होतो: डावीकडे ठिकाणांची नावे, वर एकामागे एक घटकांचे रकाने. थोड्याच वर्षांत असा तक्ता मोडकळीला येतो, कारण एखादा नवा घटक मोजायला घेतला की रकाना वाढतो, ठिकाण सरकले की जुनी ओळ खोटी ठरते. चांगल्या माहितीसाठ्यात वस्तू वेगवेगळ्या ठेवतात आणि क्रमांकांनी जोडतात. एका तक्त्यात ठिकाणे: क्रमांक, अक्षांश-रेखांश, नदीचा कुठला तुकडा, काठ डावा की उजवा. दुसऱ्यात भेटी: कुठल्या ठिकाणी, कधी, कोण, आकाश कसे, बरगे कसे. तिसऱ्यात नमुने, चौथ्यात निकाल. निकालाच्या प्रत्येक ओळीत एकच मोजमाप: घटक, आकडा, एकक, पद्धत आणि त्या आकड्यावर विश्वास किती ठेवावा याची खूण. तक्ते असे परस्परांशी जोडून ठेवण्याचा विचार एडगर कॉड या संशोधकाने १९७० मध्ये मांडला, आणि बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत आजही तो वापरात आहे.

‘पद्धत’ हा रकाना किरकोळ वाटतो, पण तो नसला तर वीस-तीस वर्षांची तुलनाच बाद होते. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात, ती पूर्वी नमुना २० अंशांवर पाच दिवस ठेवून मोजत. भारतीय हवामानाला अनुसरून पुढे २७ अंशांवर तीन दिवस ही रीत आली. दोन्ही आकडे एकाच आलेखावर शेरा न लिहिता टाकले, तर दिसणारा चढ-उतार नदीचा आहे की पद्धतीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. तसेच ‘मोजण्याइतके सापडले नाही’ हा निकाल. काही जण तिथे शून्य लिहितात, काही रकाना मोकळा सोडतात. शून्य म्हणजे तपासले आणि नव्हते. मोकळे म्हणजे तपासलेच नाही. आणि ‘यंत्राच्या मर्यादेखाली’ हा तिसराच अर्थ आहे. तिन्ही वेगळे लिहायची शिस्त हवी, कारण लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर मागणी गेली की केंद्रीय मंडळ नदीचा तो पट्टा प्रदूषित धरते. २०२२ च्या अहवालात देशातल्या २७९ नद्यांवर असे ३११ पट्टे निघाले, त्यांतले सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रातले. एवढा मोठा शिक्का ज्या आकड्यावर बसतो, त्या आकड्याची वंशावळ तपासता आली पाहिजे.

ठिकाणाच्या नोंदीत होणारी एक चूक तर फार सर्रास आढळते. कोल्हापूरचा अक्षांश १६ अंश ४२ मिनिटे. एका अंशाची साठ मिनिटे, त्यामुळे दशांशात तो १६.७० होतो. घाईत कुणी १६.४२ असे टंकले, की पंचगंगेच्या घाटावरचा नमुना नकाशावर एकतीस किलोमीटर दक्षिणेला, दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात जाऊन पडतो. आकडा बरोबर, नदी चुकीची. जुन्या भारतीय नकाशांची मूळ मोजणी एव्हरेस्ट यांच्या नावाच्या पृथ्वी-प्रतिमानावर झाली, आजची उपग्रह दिशादर्शक यंत्रे वेगळे प्रतिमान वापरतात. रूपांतर न करता दोन्ही एकत्र केले तर काही शे मीटरांचा फरक पडू शकतो, आणि शंभरएक मीटर पात्राच्या नदीत तेवढ्याने बिंदू पाण्यातून उसात जातो. यावर उपाय साधा आहे. नोंद साठवतानाच संगणकाने तपासावे, की हा बिंदू नदीच्या रेघेपासून ठरावीक अंतरात आहे ना? नसेल तर नोंद अडवावी.

पातळीच्या नोंदीतही अशीच काळजी लागते. राजाराम बंधाऱ्यावरचे ४० फूट आणि इचलकरंजीच्या पुलाजवळचे ४० फूट एक नव्हेत, कारण प्रत्येक मोजपट्टीचा शून्य निराळ्या उंचीवर असतो. तो शून्य समुद्रसपाटीशी जुळवून घेतला तरच दोन ठिकाणांमध्ये पाण्याचा उतार किती, कृष्णेचा फुगवटा पंचगंगेत कुठवर आला, हे काढता येते.

माशांच्या नोंदी हा या साऱ्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत विस्कटलेला भाग. दख्खनच्या माशांचे पहिले मोठे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. कोल्हापूरच्या माशांची यादी कलावार आणि केळकर यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. आज कुठला मासा नाहीसा झाला हे सांगायचे, तर ही यादी मोठा आधार आहे. पण जुनी यादी जशीच्या तशी माहितीसाठ्यात घालता येत नाही. साइक्स यांनी ‘बार्बस कोलुस’ म्हटलेला मासा मधल्या काळात ‘गोनोप्रोक्टोप्टेरस’ या प्रजातीत गेला आणि आता ‘हिप्सेलोबार्बस कोलुस’ म्हणून ओळखला जातो. ही साखळी संगणकाला सांगितली नाही, तर तो एका माशाचे तीन मासे धरतो आणि दोन नामशेष झाल्याचा निष्कर्ष काढतो. म्हणून मूळ नोंदीतले नाव कधीच खोडायचे नसते. त्याच्या शेजारी आजचे मान्य नाव लिहायचे. बोलीतली नावेही टिपून ठेवावीत, मात्र ती गावागणिक बदलत असल्याने केवळ त्यांवर विसंबता येत नाही. जतन केलेला नमुना किंवा निदान स्वच्छ छायाचित्र सोबत असले तर पुढच्या अभ्यासकाला ओळख पुन्हा तपासता येते.

जुन्या नोंदीचे ठिकाण हा दुसरा पेच. ‘कोल्हापूर’ एवढेच लिहिलेले असेल तर नकाशावर बिंदू कुठे ठेवायचा? शहराच्या मध्यावर ठेवला तर मासा दसरा चौकात पोहतो. प्रामाणिक मार्ग असा, की बिंदूऐवजी वर्तुळ काढावे: या परिघात कुठेतरी, खात्री एवढीच. अनिश्चितता अशी उघड लिहून ठेवणे हे चांगल्या माहितीसाठ्याचे लक्षण आहे. दुर्दैवाने आपल्याकडे अशा वर्तुळापेक्षा ठसठशीत बिंदूलाच अधिक मान मिळतो.

पाण्यातल्या लहान जीवांचाही उपयोग मोठा. दगडाखाली राहणाऱ्या काही कीटकांच्या अळ्यांना भरपूर प्राणवायू लागतो, तर गाळातल्या लाल अळ्या आणि काही कृमी घाण पाण्यातही तगून राहतात. राधानगरीच्या वरच्या ओढ्यांत पहिले सापडले आणि शहराखाली फक्त दुसरे, तर नदीच्या काही महिन्यांच्या तब्येतीचा अंदाज येतो. बाटलीतला नमुना तेवढ्या क्षणापुरता बोलतो.

ठिकाणे आणि निकाल नीट बसले की नदी नकाशावर तुकड्यातुकड्यांनी मांडतात. संगमापासून संगमापर्यंतचा एक तुकडा, आणि प्रत्येक तुकड्याला पाणी कुणाकडून येते, कुणाकडे जाते याची खूण. मग प्रश्न विचारता येतो: या उपसा विहिरीच्या वर दहा किलोमीटरांत कुठले नाले, कारखाने, बंधारे येतात? कोल्हापूरचे जुने उपसे बालिंगे, शिंगणापूर हे शहराच्या वरच्या अंगाला आहेत. जयंती आणि दुधाळी नाले नदीला मिळतात ते त्यांच्या खाली. इचलकरंजी त्याहून खाली, तिथे वस्त्रोद्योगाच्या प्रक्रियेचे सांडपाणी मिळते आणि त्याही खाली शिरोळची गावे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. अशा वेळी रुग्णांच्या वस्त्या, नळाच्या वाहिन्या, नदीवरचा उपसा आणि त्याच्या वरचे नाले हे चार थर एकावर एक ठेवता आले, तर तपास दिवसांत पुढे सरकतो. थर वेगवेगळ्या कचेऱ्यांत असतील तर पत्रव्यवहारातच महिने जातात.

उपग्रह या कामात हातभार लावतात, पण त्यांच्या मर्यादा ओळखून. युरोपचे ‘सेंटिनेल-२’ उपग्रह दर पाच दिवसांच्या अंतराने, १० मीटर बारकाव्याची चित्रे विनामूल्य देतात. पंचगंगेचे पात्र त्यात जेमतेम दहा चौकोन रुंद. तरीही केंदाळ ओळखता येते, कारण हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोरात परतवतात आणि मोकळे पाणी ते शोषून घेते. डिसेंबरपासून मेपर्यंतची चित्रे ओळीने लावली, की कुठल्या बंधाऱ्यामागे केंदाळ आधी धरते आणि किती पसरते ते मोजता येते. पाण्यातला प्राणवायू किंवा जिवाणू मात्र आकाशातून दिसत नाहीत. तिथे बाटलीला पर्याय नाही.

पुराच्या दिवसांत ढगांमुळे साधी चित्रे निरुपयोगी ठरतात, तेव्हा रडार लागते. रडारच्या चित्रात सपाट पाणी काळे दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले, त्या वेळी पूरक्षेत्राचे नकाशे याच तंत्राने काढले गेले. कोल्हापूर भागात या नकाशांकडे जरा सावधपणे पाहावे लागते. उभ्या उसात चार-पाच फूट पाणी शिरले तरी वरून रडारला उसाचाच पाला दिसतो, पाणी दिसत नाही. त्यामुळे बुडालेले क्षेत्र कमी भरते. उपाय पुन्हा जमिनीवरचाच. पूर ओसरल्यावर घरांच्या, देवळांच्या भिंतींवर राहिलेल्या पाण्याच्या रेघा मोजून, त्यांची उंची आणि अक्षांश-रेखांश नोंदवायचे. रेघ पुढच्या रंगरंगोटीत पुसली जाते, म्हणून हे काम पहिल्या दोन-तीन महिन्यांतच झाले पाहिजे.

या नोंदींवर पुढे फार मोठे निर्णय उभे राहतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा बांधकामांचे भवितव्य ठरवतात. शंभर वर्षांचा पूर काढायला दीर्घ काळाची, सलग, एकाच शून्यावर मोजलेली पातळी लागते. मध्ये मोजपट्टी बदलली आणि कुणी लिहून ठेवले नाही, तर रेषा शेकडो घरांच्या आत किंवा बाहेर सरकते. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कृष्णा खोऱ्यातल्या पुराचा अभ्यास केला, तोही अशाच पातळी, पाऊस आणि विसर्गाच्या नोंदींवर. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते. उघडल्याची नेमकी वेळ नोंदलेली असेल, तरच ते पाणी राजाराम बंधाऱ्यावर कधी पोचले हे मागाहून ताडून पाहता येते आणि पुढच्या वेळचा इशारा सुधारतो.

खोरेनिहाय व्यवस्था उभी करण्याचे प्रयत्न झालेले आहेत. १९९५ पासून जागतिक बँकेच्या साह्याने जलविज्ञान प्रकल्प चालला, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी स्वयंचलित पर्जन्यमापके, पातळीमापके आणि पूर्वानुमानाची संगणक-प्रणाली बसली. २०१६ मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. केंद्रीय जल आयोग आणि इस्रो यांनी मिळून उभारलेल्या ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ या व्यवस्थेत देशभरच्या नद्या, धरणे आणि केंद्रे नकाशावर पाहता येतात. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यापुरते असेच काम करते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बंधने बरीच सैल केली. ‘क्यूजीआयएस’सारखी विनामूल्य प्रणाली महाविद्यालयातला विद्यार्थीही वापरू शकतो. साधनांची आता वानवा नाही.

कमतरता आहे ती जीवशास्त्राची वही पाण्याच्या वहीला जोडण्याची. प्रवाहाचे आकडे एका खात्याच्या ठिकाण-क्रमांकाने, गुणवत्तेचे दुसऱ्याच्या, आणि मासे कुठल्याच क्रमांकाविना असतील, तर या तिन्हींना एकत्र प्रश्न विचारता येत नाही. पंचगंगेच्या प्रत्येक निरीक्षण-ठिकाणाला एकच कायमचा क्रमांक द्यावा, तो सर्व खात्यांनी आणि महाविद्यालयांनी वापरावा, ठिकाण सरकले तर जुना क्रमांक बंद करून नवा द्यावा. एवढी एक गोष्ट झाली तरी पुष्कळ काम मार्गी लागेल. उदाहरणार्थ, चैत्र यात्रेसाठी लाखो भाविक जोतिबाच्या डोंगरावर येतात तेव्हा नदीचा प्रवाह वर्षातल्या क्षीण काळात असतो आणि बरगे घातलेले असतात. त्या आठवड्याचा नमुना, बंधाऱ्याची स्थिती, पाण्याची पातळी आणि पहाटेचा प्राणवायू हे चारही एका क्रमांकाखाली मिळाले, तर गर्दीचा परिणाम किती आणि एरवीच्या सांडपाण्याचा किती, हे वेगळे काढता येईल.

दुरुस्तीचा नियमही आधीच ठरलेला असावा. चुकीचा आकडा पुसून नवा लिहायचा नाही. जुना तसाच ठेवून त्यावर खूण करायची आणि नव्या आकड्यासोबत कुणी, कधी, का बदलले ते लिहायचे. साठ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवाव्यात, त्यांतली किमान एक पूररेषेच्या बाहेर. आणि ज्या गावांचे पाणी मोजले जाते, त्या चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ-कुरुंदवाडपर्यंतच्या ग्रामपंचायतींना आपापल्या ठिकाणाचे निकाल, एकक आणि मर्यादेसह, मराठीत मिळण्याची सोय त्याच साठ्यातून करता येते.